मनाचा आजार आणि कुटुंबप्रार्थना (बेळगाव सीमाभाग)

घरातल्या कुणाला नैराश्य किंवा चिंताविकार जडला, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी भाषक ख्रिस्ती घरांत प्रार्थनेवर दोन कामे येऊन पडतात. एक, आजाऱ्यासाठी देवाकडे मागणे. दुसरे, आजाऱ्याभोवती घर टिकवून धरणे. या दुसऱ्या कामाबद्दल फारसे बोलले जात नाही. खरे तर तेच अधिक मोलाचे.

लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे आले. मराठीतले आद्य ख्रिस्ती ग्रंथकार बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा आणि १८५४ मधला बाप्तिस्माही इथलाच. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. खानापूरकडची बरीच कॅथलिक घरे मूळची गोव्याकडची: घरात कोंकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. त्यामुळे इथला आजारी माणूस देवाशी एका भाषेत बोलतो आणि डॉक्टरांशी दुसऱ्याच.

संध्याकाळची कुटुंबप्रार्थना हा या घरांचा जुना नेम. प्रॉटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’मधले एखादे गीत, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा आणि वडीलधाऱ्याची प्रार्थना, कॅथलिक घरांत रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आजार लांबला की पाळक किंवा फादर घरी येतात, याकोबाच्या पत्रातल्या (५:१४) आज्ञेप्रमाणे तेल लावून प्रार्थना होते, शुक्रवारची उपवास प्रार्थना धरली जाते. कॅथलिकांत तेल लावण्याचा संस्कार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) केवळ मरणासन्नांपुरता राहिला नाही. गंभीर मानसिक आजारातही तो देता येतो. तरी फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, ही जुन्या माणसांची धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

‘नैराश्य’ हा शब्द घरात सहसा उच्चारला जात नाही. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘कशात मन लागत नाही’, ‘झोप नाही’ अशा तक्रारी असतात आणि पहिली धाव रक्तदाब तपासण्याकडे. ख्रिस्ती घरात आणखी एक खूण दिसते: माणूस रविवारच्या उपासनेला जायचे टाळतो, गेलाच तर गीताला ओठ हलवत नाही, ‘वचन वाचवत नाही’ म्हणतो. लक्ष न लागणे, थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही या आजाराची लक्षणेच आहेत. प्रार्थना न जमणे हाही त्यांचाच परिणाम असू शकतो. घरच्यांना मात्र तो विश्वासाचा तुटवडा वाटतो. मग ‘कशाविषयीही चिंता करू नका’ हे फिलिप्पैकरांस पत्रातले वचन (४:६) ऐकवले जाते. प्रेषित पौलाने ते तुरुंगातून, धीर देण्यासाठी लिहिले होते. चिंताविकाराच्या रुग्णाच्या कानावर ते आरोपासारखे पडते, आणि आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसावर एक पाप वाढते.

शास्त्र स्वतः एवढे कडक नाही. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो (१ राजे १९). ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी स्तुतीकडे वळत नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून राखले गेले. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते. बोलू लागले आणि बिघडले. सर्वांत उपयोगी कथा बहुधा मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली: चौघांनी छप्पर उकलून बाजेसकट खाली सोडलेला पक्षाघाती. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे तिथे म्हटले आहे. बाजेवरच्याने काही म्हटल्याची नोंद नाही. आजारी माणसाला प्रार्थना जमत नसेल तर ती घराने करावी, त्याच्याकडून वदवून घेऊ नये, याला याहून मोठा आधार शोधण्याची गरज नाही.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, नाजूक जागा असते प्रार्थनाविषय सांगण्याची. ‘अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिची मनःस्थिती बरी नाही’ एवढे जाहीर झाले की बातमी आठवड्याभरात सोयऱ्यांपर्यंत जाते, आणि धाकट्या नणंदेच्या स्थळाची बोलणी अडतात. म्हणून काही कुटुंबे कुणालाच सांगत नाहीत आणि एकटी पडतात. नाव न घेता ‘आमच्या घरातल्या एका आजाऱ्यासाठी’ एवढेच सांगणे, किंवा पाळकांशी वेगळे बोलणे, ही त्यातली वाट. कॅथलिकांच्या पापनिवेदनाला गुप्ततेचे कडक बंधन असते. प्रार्थनासभेला ते नसते, हे सांगणाऱ्याने आधीच ओळखावे.

दुसरी अडचण साक्षींची, म्हणजे देवाने बरे केल्याचे अनुभव सभेत सांगण्याची. ‘हात ठेवून प्रार्थना झाली आणि गोळ्या फेकून दिल्या’ ही साक्ष सभेत टाळ्या घेते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात, आणि एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात. आजारही उलटू शकतो. मधुमेहाच्या गोळ्या घेताना कुणी अविश्वासी ठरत नाही.

‘धारवाडला नेलं’ या शब्दांना या भागात वेगळाच वास आहे, कारण तिथले जुने मनोरुग्णालय. आज ती मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची, डिमहान्स नावाची, शिक्षणसंस्था आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि केएलई या शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयात मानसोपचार मिळतात. निपाणी, अथणीकडचे लोक मिरजेलाही जातात. मिशनरी डॉक्टर वानलेस यांचे मिशन रुग्णालय तिथे १८९४ मध्ये सुरू झाले होते. डॉक्टर कन्नडिग असले तर सोबत जाणाऱ्याने दुभाषाचे काम करावे, पण रुग्णाच्या तोंडचे शब्द बदलू नयेत.

आत्महत्येच्या विचारांबद्दल घरात फार भीती असते, त्यात दंडविधान आणि दफन या दोन्हींची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, आणि त्यासाठी त्याला शिक्षा केली जात नाही. आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारण्याचा जुना नियम कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत उरला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर मनाच्या तीव्र विकाराने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते असे म्हटले आहे. कुणी मरणाचे बोलू लागले तर तेव्हा उपवासाचा दिवस ठरवत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशक आणि गोळ्या हाताशी ठेवू नयेत, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. तिथे भाषा निवडता येते. प्रार्थना गाडीतही करता येते.