मुलाच्या गुन्ह्याची कैद आईवडिलांना होत नाही

‘अल्पवयीन मुलाने गुन्हा केला की तुरुंगात बाप जातो’ हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असला, तरी तो सरसकट खरा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला ताब्यात घेताच पोलिसांनी पालकांना लवकरात लवकर कळवून बाल न्याय मंडळापुढे हजर राहण्यास सांगायचे असते, आणि चौकशीच्या प्रत्येक टप्प्यावर पालकांचा समजून-उमजून सहभाग राहील हे मंडळाने पाहायचे असते. घाबरून घरी बसलेले पालक, माझ्या मते, मुलाचा मोठा आधारच काढून घेतात. मंडळ पालकांना दंड भरायला लावू शकते, कैदेत टाकत नाही. अपवाद वाहनाचा: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, मात्र गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध केल्यास सुटका होते.