स्पीकर घूं घूं करतोय? दुकानात आणायच्या आधी हे करून बघा

परवा सदाशिव पेठेतले एक काका रिक्षा करून भलामोठा सबवूफर घेऊन आले, आम्ही तासभर वाजवला, शहाण्यासारखा वाजला. घरी नेला की परत घूंऽऽ. शेवटी फोनवर म्हटलं काका लॅपटॉपचा चार्जर काढा बरं जरा, काढला, आवाज बंद! रिक्षाचे पैसे गेले ते गेलेच. असं दर आठवड्याला होतं म्हणून हा कागद छापलाय.

पहिली गोष्ट, स्पीकरचा जॅक कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाईलला लावा, मोबाईल चार्जिंगला नको. नुसता लोंबकळत ठेवून टेस्ट करू नका, जॅकच्या टोकाला बोट लागलं तरी घूं येतो आणि लोकांना वाटतं स्पीकर गेला. मोबाईलवर स्वच्छ वाजला तर स्पीकर चांगलाय, भानगड कॉम्प्युटरच्या बाजूला किंवा घरातल्या लाइटमध्ये. मोबाईलवर पण घूं आला तर मात्र आणा, बहुतेक आतला कपॅसिटर फुगलेला असतो किंवा अ‍ॅडाप्टर गेलेला असतो. घरी खोलू नका, मोठ्या स्पीकरच्या आत थेट 230 व्होल्ट असतात.

आता तो घूं येतो कुठून? आपली लाइट 50 हर्ट्झची, म्हणून आवाज पण 50 नाहीतर 100 हर्ट्झचा, जाड. कॉम्प्युटर एका बोर्डवर आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतनं ओढलेल्या वायरवर असला की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक ऑडिओच्या वायरमधून वाहतो, ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, निम्म्या केसेस तिथंच मिटतात. टीव्ही पण जोडलेला असेल तर सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा. तरीही राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटीशी डबी मिळते, आमच्याकडे नसली तर तपकीर गल्लीत मिळेल, त्यात काही लपवायचं नाही.

एक मात्र हात जोडून सांगतो, थ्री पिनची मोठी पिन तोडू नका. यूट्यूबवर बघून करतात लोक, आवाज जातो हे खरंय, पण उद्या आत कुठे शॉर्ट झालं तर करंट जायला वाट उरत नाही, तो तुमच्या हातातून जाणार. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्याकडे अर्थिंगच नाहीये, पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये हे सर्रास असतं. मग स्पीकरवाला नाही, आधी वायरमन बोलवा.

बाकीचं पटकन. मधेच टकटक-टकटक-बर्रर येतं आणि दोन सेकंदांत फोन वाजतो? स्पीकरजवळ 2जी वर चालणारा फोन ठेवलाय, हातभर लांब ठेवा. बटण फिरवताना खरखर येते ती आतल्या धुळीची, लाइट बंद करून वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा, नाही गेली तर आम्ही कॉन्टॅक्ट क्लीनर मारून देतो, खोबरेल तेल घालू नका (हो, घातलंय एकानं). माऊस हलवला की चुरचुर येते? पुढचा जॅक सोडून मागच्या हिरव्या सॉकेटला लावा, तिथंही आली तर यूएसबी साउंड कार्ड घ्या, महाग नसतं. नुसतं सूंऽऽ येत असेल तर विंडोजचा व्हॉल्यूम 80-90 वर ठेवून स्पीकरचं बटण कमी करा, बरेच जण नेमकं उलटं करतात.

एवढं करूनही नाही जमलं तर या, पण येताना अ‍ॅडाप्टर आणि सगळ्या वायरी पण आणा, निम्मे लोक नुसता डबा घेऊन येतात. आणि गुरुवारी येणार असाल तर आधी फोन करा, लाइट असेल की नाही आम्हालाच माहीत नसतं.