डुकराच्या नाकातलं गणित

डुकरांच्या रोगाची बातमी आली की कुणीतरी म्हणतंच, "घाणीत लोळणारं जनावर, दुसरं काय होणार?" खरं तर पुरेशी जागा मिळाली तर डुक्कर झोपायचा कोपरा आणि हगायचा कोपरा वेगळा ठेवतं. जंतू का पसरतो ते बघायला डेन्मार्कला जाऊ.

तिथल्या डुकरांच्या नाकात एमआरएसए हा जिवाणू आढळतो. मेथिसिलीनसारख्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही. डुक्कर मात्र आजारी दिसत नाही; खातं, वजन धरतं. २०१४च्या तपासणीत ६८ टक्के फार्मांवर तो सापडला, २०१६मध्ये ८८ टक्के.

आता फार्म कागदावर उतरवू. डुकरं दोनच प्रकारची: नाकात जंतू असलेली आणि नसलेली. काही दिवसांनी नाक साफ होतं, पण पुन्हा लागण होऊ शकते. बाकी सगळी साफ असताना एक बाधित डुक्कर स्वतःचं नाक साफ होईपर्यंत जितक्यांना जंतू देतं, तो आकडा म्हणजे 'आर'. समजा, आर ४ आहे. फार्मवरच्या चारांतल्या तिघांना जंतू लागला, की बाधित डुक्कर चौघांना हुंगतं खरं, पण त्यातले तिघे आधीच बाधित. नवा एकच. एक साफ होतं, एक बाधित होतं, आणि आकडा ७५ टक्क्यांवर अडकतो. सूत्र सोपं: १ वजा (१ भागिले आर).

मालकाने घाम गाळून आर निम्मा केला, २ वर आणला. बाधित किती? ५० टक्के! संसर्गाचा जोर निम्मा झाला, बाधित मात्र तिसऱ्या हिश्शानेच घटले. "उपयोग नाही," म्हणून तो सोडून देणार. आणि नेमका पुढचाच टप्पा मोलाचा, कारण आर १ च्या खाली गेला की जंतू टिकतच नाही.

खऱ्या फार्मवर चारेक आठवड्यांनी दूध तोडल्यावर निरनिराळ्या आयांची पिल्लं एका कप्प्यात मिसळतात, तिथे हे सूत्र तोकडं पडतं. मग संशोधक संगणकात एकेक डुक्कर, एकेक कप्पा मांडून कुणाला लागण होईल ते ठरवायला रोज फासे टाकतात. (याला हल्ली कुणीही 'एआय' म्हणतं. हिशेबच आहे तो.) फाशांच्या लहरीवर छोट्या कप्प्यातला जंतू कधी आपोआप संपतो, मग पैदाशीच्या फार्मवरून डुकरांचा ट्रक येतो आणि जंतू परततो.

नॉर्वेने २०१३पासून बाधित कळप मारून, गोठे धुऊन नवी डुकरं आणली. तिथे असे कळप मोजकेच होते. डेन्मार्कला हेच करायचं तर २०१६च्या आकड्यानुसारच दहांतले जवळपास नऊ फार्म रिकामे करावे लागले असते.