व्हिस्कीचे सांडपाणी पुन्हा कामाला कसे लागले

व्हिस्की गाळायला लागणारे बहुतेक पाणी बाटलीत जातच नाही. सर्वांत मोठा वाटा वाफ थंड करण्यात जातो. ते पाणी फक्त गरम होते, खराब होत नाही. खरी अडचण आहे ती भट्टीत उरणाऱ्या पाण्याची.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ते पुन्हा वापरायची रीत पडली, पण टंचाईमुळे नव्हे. अल्कोहोल निघून गेल्यावर उरलेले आंबट पाणी पुढच्या मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या भरड धान्यात, घातले, की नको ते जिवाणू दबतात आणि यीस्टला मानवते. कॅथरिन कारपेंटर यांनी 1818 मध्ये नोंदवलेली ही 'सावर मॅश'ची कृती जपून ठेवलेली आहे. 1830 च्या दशकात मूळच्या स्कॉटिश जेम्स क्रो यांनी मोजमापे घेऊन ही पद्धत पक्की केली.

स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीत तसे करत नाहीत. धान्यावरून शेवटी सोडलेले गरम पाणी तेवढे पुढच्या खेपेसाठी राखून ठेवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनानंतर उरते ते 'पॉट एल': गढूळ, तपकिरी, मेलेल्या यीस्टने भरलेले आणि भट्टीचे थोडे तांबे विरघळलेले. आंबवलेल्या द्रवाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हाच असतो. त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात ते प्रमाण, लिटरला 25 ते 35 हजार मिलिग्रॅम असते. सांडपाण्यावरच्या ब्रिटिश शाही आयोगाने 1912 मध्ये नदीत सोडायच्या पाण्याला घातलेली मर्यादा होती 20 मिलिग्रॅम! या दोन आकड्यांमधल्या दरीतच पुढचा सगळा इतिहास घडला, असे मला वाटते.

स्पे नदीकाठच्या रोथेस गावातल्या डिस्टिलऱ्यांनी तर 1904 मध्येच या सांडपाण्यासाठी एकत्रित संस्था काढली. पुढे पॉट एल आटवून, धान्याच्या चोथ्यात मिसळून गुरांचा खुराक बनू लागला. 1951 मध्ये नदी प्रदूषणाविरुद्ध कायदा आला. मात्र आटवताना पाणी वाफ होऊन जाते आणि इंधन भरपूर जळते, म्हणून नजर सांडपाणी कुजवून मिळणाऱ्या जैववायूकडे वळली. 2010 मध्ये रीतसर सुरू झालेल्या रोझाइल डिस्टिलरीत सांडपाण्यातून आधी ऊर्जा काढतात, मग अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळून वापरण्याजोगे पाणी वेगळे करतात.

2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात ओढे आटले आणि काही डिस्टिलऱ्यांना उत्पादन थांबवावे लागले. 2021 मध्ये स्कॉच व्हिस्की असोसिएशनने लक्ष्य ठरवले: 2025 पर्यंत एक लिटर शुद्ध अल्कोहोलमागे 12.5 ते 25 लिटर पाणी.

इथे एक पेच आहे. थंड करायचे पाणी तसेच नदीत सोडले, तर नदी तापते आणि ते सामन माशांना सोसत नाही. शीतलन मनोऱ्यातून ते फिरवले, तर ओढ्यातून उपसा खूप कमी होतो, पण काही पाणी वाफ होऊन कायमचे जाते. शुद्ध केलेले सांडपाणी ही तूट भरायला उपयोगी पडते. मनोऱ्यातले पाणी व्हिस्कीत जात नसल्याने चवीला धक्का लागण्याची भीतीही उरत नाही.