ट्रेनियर्स, द

विसाव्या शतकाच्या मध्यावर गाजलेला अमेरिकन कृष्णवर्णीय गायक-वादकांचा विनोदी रिदम अँड ब्लूज (अमेरिकन कृष्णवर्णीयांची ठेकेबाज लोकप्रिय संगीतशैली) गट. अलाबामा राज्यातील मोबील शहरात १४ जुलै १९१९ रोजी जन्मलेले क्लॉड आणि क्लिफ ट्रेनियर हे जुळे भाऊ या गटाचा कणा होते. बडी आणि मिल्ट हे त्यांचे आणखी दोन भाऊ पुढे गटात आले. पियानोवादक जीन गिलबो आणि अल्टो सॅक्सोफोनवादक डॉन हिल हे घरचे नव्हते, पण गट त्यांच्याशिवाय उभा राहिला नसता. रॉक अँड रोलच्या इतिहासात ट्रेनियर्सची दखल बहुधा एखाद्या ओळीत आटोपते. त्यांच्या वाट्याला यापेक्षा बरेच अधिक यायला हवे होते.

जुळ्या भावांचे संगीत मोंटगोमेरी येथील अलाबामा स्टेट कॉलेजात आकाराला आले. तेथील विद्यार्थ्यांच्या नृत्यवाद्यवृंदाची परंपरा मोठी होती. डॉन हिलची गाठ तिथेच पडली. १९४४ मध्ये क्लॉडला जिमी लन्सफर्डच्या वाद्यवृंदात गायकाची जागा मिळाली आणि लवकरच त्याने क्लिफलाही तेथे ओढून घेतले. लन्सफर्डचे वादक काटेकोर वाजवत, पण तेवढ्यावर थांबत नसत. ते एका तालात डोलत, ट्रम्पेट हवेत उडवून झेलत, वादकांपैकीच काही जण पुढे येऊन गमतीची गाणी म्हणत. वाजवणे आणि करून दाखवणे हे एकच काम आहे, हा धडा ट्रेनियर बंधूंनी या वाद्यवृंदातून घेतला असे म्हणायला हरकत नाही.

लन्सफर्डला सोडल्यावर क्लॉड लॉस एंजेलिसला आला. तेथे तो बिग जिम विनच्या ‘ई-बॉबालिबा’ या १९४५ च्या तबकडीवर गायला. नंतर क्लिफही येऊन मिळाला आणि १९४७ मध्ये मर्क्युरी कंपनीने ‘ट्रेनियर ट्विन्स’ या नावाने त्यांच्या तबकड्या काढल्या. ‘बझ बझ बझ’, ‘हे सिस्टर ल्यूसी’ ही त्यांतली गाणी. मोठे वाद्यवृंद खर्चाच्या ओझ्याखाली मोडत होते आणि गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनच्या पाच-सहा वादकांच्या ताफ्याने थोडक्या माणसांत सभागृह हलवता येते हे दाखवून दिले होते. ट्रेनियर्सनी ती वाट धरली, तिच्यात अंगविक्षेपांची भर घातली आणि वेग दुप्पट केला.

१९५१ मध्ये ते ओके या कंपनीकडे गेले. ‘गो! गो! गो!’ हे त्यांचे गाणे त्याच वर्षी रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचले. यादीवर झळकलेले त्यांचे हे एकमेव गाणे. मात्र ‘इट रॉक्स! इट रोल्स! इट स्विंग्ज!’ हे त्यांचे शीर्षक ‘रॉक अँड रोल’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ होण्याआधीचे आहे. न्यू जर्सीतील वाइल्डवुड या समुद्रकाठच्या गावी उन्हाळ्यात क्लब गजबजत. तेथे गोरा गायक बिल हेली याने ट्रेनियर्सना पाहिले आणि तो त्यांचा चाहता झाला. हेलीने लिहिलेले ‘रॉक-अ-बीटिन बूगी’ ट्रेनियर्सनी १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याने स्वतः ते १९५५ मध्ये गायले. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या गाण्यामुळे हेली जगभर पोचला. रंगमंचावर उड्या मारणारा, पाठीवर लोळणारा त्याचा वाद्यवृंद गोऱ्या तरुणांना नवलाचा वाटला. ट्रेनियर्स ते आधीपासून करत होते.

त्यांचा विनोद शब्दांपेक्षा शरीरात अधिक होता. एक जुळा ओळ सुरू करी, दुसरा ती तोडी, बाकीचे पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखे ओळीचा शेवट उचलत आणि तोवर सगळी रांग भलत्याच दिशेला झुकलेली असे. गाण्यांचे विषय रोजच्या जगण्यातले होते. ‘हॅडाकोल, दॅट्स ऑल’ हे गाणे एका बहुचर्चित टॉनिकावर आहे. त्या टॉनिकात १२ टक्के अल्कोहोल होते, त्यामुळे त्याचा खप वाढण्यामागचे खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. ‘पून-टँग’ या गाण्याच्या नावातला शब्द उघडपणे अश्लील बोलीतला. पण गाण्यात त्याचा पहिला अर्धा म्हणजे मिठी आणि दुसरा अर्धा म्हणजे चुंबन, असा साळसूद खुलासा केला जातो. हा खुलासाच गाण्यातला खरा विनोद आहे.

बेसबॉलपटू विली मेझ न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळत असताना १९५४ मध्ये त्याच्यावर ‘से हे’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. वाद्यमेळाची बाजू तरुण क्विन्सी जोन्सकडे होती आणि त्यात खुद्द मेझचा आवाज आहे. माझ्या मते ट्रेनियर्सच्या तबकड्यांत ही सर्वांत प्रसन्न. बाकी अनेक तबकड्या ऐकताना मात्र काहीतरी हुकल्यासारखे वाटते. ठेका आहे, आरोळ्या आहेत, पण ज्यासाठी लोक हसले ते दिसत नाही. त्यांची कीर्ती मागे पडली याचे मुख्य कारण हेच असावे, कारण रॉक अँड रोलचा इतिहास प्रामुख्याने तबकड्यांवरून लिहिला गेला.

सुदैवाने चित्रफिती उरल्या आहेत. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘द कोलगेट कॉमेडी अवर’मध्ये ते डीन मार्टिन आणि जेरी लुईस या विनोदी जोडीसोबत आले. त्यात लुईस ड्रम्सचा ताबा घेतो आणि सगळ्या मंचावर धुमाकूळ माजतो. १९५६ च्या ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ या रंगीत चित्रपटात ते ‘रॉकिन इज अवर बिझनेस’ गातात. एकसारखे सूट, रांगेत सगळे, आणि डॉन हिल सॅक्सोफोन तोंडाशी धरूनच इतरांच्या पावलांत पाऊल टाकतो. गोंधळ वाटावा इतकी घाई आहे, तरी एकही पाऊल चुकत नाही. हे दृश्य पाहिल्यावर ट्रेनियर्स काय होते ते कळायला वेळ लागत नाही. त्याच वर्षी ‘डोन्ट नॉक द रॉक’मध्ये ते हेली आणि लिटल रिचर्ड यांच्याबरोबर दिसले. ‘कॅलिप्सो हीट वेव्ह’ (१९५७) हा आणखी एक चित्रपट. पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आलेल्या माया अँजेलोही त्यात आहेत.

मे १९५८ मध्ये रॉक अँड रोल गायक-पियानोवादक जेरी ली लुईसच्या ब्रिटन दौऱ्यात त्यांना सहकलावंत म्हणून नेण्यात आले. लुईसने १३ वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केल्याचे वृत्तपत्रांत फुटले आणि मोजक्या कार्यक्रमांनंतर त्याला परत जावे लागले. ट्रेनियर्सच्या वाट्याला आलेली परदेशातली मोठी संधी दुसऱ्याच माणसाच्या बदनामीत झाकोळली.

तबकड्यांचे दिवस सरल्यावरही त्यांना काम कमी पडले नाही. लास व्हेगासमधील हॉटेलांच्या लाउंजमध्ये ते वर्षानुवर्षे रात्री गाजवत राहिले. १९५० च्या दशकात तेथील बड्या हॉटेलांत कृष्णवर्णीय कलावंतांना मंच मिळे, पण बहुतेक ठिकाणी मुक्कामाला खोली मिळत नसे. गोऱ्या श्रोत्यांना हसवून त्यांना शहरातल्या वेस्टसाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत परतावे लागे. मिल्टने पुढे शिकागोमध्ये स्वतःचा क्लब चालवला. क्लिफ १९८३ मध्ये वारला. क्लॉडने पुतण्या स्किपला साथीला घेऊन गट चालू ठेवला आणि उतारवयातही तो मंचावर उभा राहत असे. १७ नोव्हेंबर २००३ रोजी लास व्हेगास येथे त्याचे निधन झाले.