नाकावर उभं राहणारं मिग

थ्रीडी प्रिंटरच्या नोझलमधून, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोंडातून, तडतड ऐकू आली की मालवणात समजायचं, पाऊस घरात नसला तरी प्लॅस्टिकच्या तारेच्या रिळात शिरलाय. मिग-21 या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल छापायला मी नेमका जुलैचा मुहूर्त धरला होता. पहिल्या तासाभरात पंखाऐवजी कोळ्याचं जाळं तयार झालं.

प्रिंटरला लागणारी पीएलए नावाच्या प्लॅस्टिकची तार मका किंवा उसातल्या साखरेपासून बनते. दिसते साध्या प्लॅस्टिकसारखी, पण हवेतला ओलावा शोषून घेते. नोझलमध्ये ती साधारण 200 अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्या उष्णतेत आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, तडतड त्याचीच. शिवाय गरम पाणी पीएलएच्या लांबलचक रेणूसाखळ्या तोडतं, मग वस्तू ठिसूळ होते. उपाय आपल्या ओळखीचाच आहे, वाळवण. मात्र कोकमाच्या सोलांसारखं उन्हात टाकायचं नाही. 45 ते 50 अंशांच्या बंद पेटीत पाच-सहा तास ठेवायचं आणि मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत हा एक डबा आता वाढवायला हरकत नाही.

रीळ वाळलं, तरी विमान छापायचं कसं, हा प्रश्न होताच. असा प्रिंटर एकावर एक थर रचत जातो, आणि कुठलाच थर हवेत टाकता येत नाही. खालच्या थराचा आधार हवा. उभ्या रेषेपासून 45 अंशांपर्यंत बाहेर झुकलेली भिंत बहुधा निभावते, त्यापुढे खाली टेकू छापावे लागतात. टेकू नंतर तोडायचे, घासायचे, सगळा वैताग. विमान पोटावर आडवं ठेवलं तर पंखांखाली टेकूंचं जंगल. शेपटीवर उभं केलं तर पंखाची मागची कड जवळजवळ आडवी असल्यामुळे अधांतरी सुरू होते.

शेवटी मी ते नाकावर उभं केलं. शेजारचे सुतारकाका डोकावून म्हणाले, "ह्यां विमान नाकार कित्याक उभां केलंस?"

कारण मिग-21 चं नाक टोकदार नाही. समोरून बघितलं तर ते एक सपाट कडं आहे आणि त्यातून शंकू डोकावतो. शंकू वेगळा छापून नंतर चिकटवला की बसायला आयती बैठक मिळते. 1:72 प्रमाणात हे कडं रुपयाच्या नाण्याहून लहान येतं, म्हणून सभोवती पातळ झालर छापावी लागते, नाहीतर विमान अर्ध्यातच कोसळतं.

पण खरी गंमत पंखात आहे. त्याची पुढची कड 57 अंश मागे वळलेली आहे, म्हणजे विमानाच्या अक्षाशी ती 33 अंशांचा कोन करते. नाकावर उभ्या मॉडेलमध्ये हाच 33 अंशांचा झुकाव होतो, 45 च्या आत. 0.2 मिलिमीटर जाडीचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जेमतेम 0.13 मिलिमीटर बाहेर येतो. टेकूची गरजच नाही.

आराखडा करणाऱ्यांनी तो कोन अर्थातच माझ्या प्रिंटरसाठी निवडला नव्हता. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे दाबलहरींचा शंकू तयार होतो आणि वेग वाढेल तसा तो अरुंद होतो. 33 अंशांची कड पंख जिथे धडापाशी सुरू होतो तिथून निघणाऱ्या शंकूच्या आत राहते ती ध्वनीच्या सुमारे 1.8 पट वेगापर्यंत, आणि आत असलेल्या पंखाला हवेचा अडथळा कमी होतो. नाकातल्या शंकूचं कामही वेगाशीच जोडलेलं आहे. जेट इंजिनाला ध्वनीपेक्षा वेगवान हवा सरळ गिळता येत नाही. शंकूवर तिरकी आघातलहर तयार होते, हवा टप्प्याटप्प्याने मंदावते. वेग वाढला की शंकू पुढे सरकतो. भारतीय हवाई दलात हे विमान 1963 मध्ये आलं, ते आपलं पहिलं स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमान. पुढे ते नाशिकजवळच्या ओझरला तयारही झालं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं.

प्रमाण लहान झालं की काही गोष्टी हट्टाने लहान होत नाहीत. नोझलचं भोक 0.4 मिलिमीटरचं. 72 ने गुणलं तर खऱ्या विमानावर ते 29 मिलिमीटर होतं. सुरीसारखी पातळ मागची कड मॉडेलमध्ये त्यामुळे भाकरीच्या काठासारखी जाड दिसते. वजनाचा हिशेब आणखी मजेशीर. लांबी 72 पट कमी, पण आकारमान 72 चा घन, म्हणजे 3,73,248 पट कमी. साडेपाच टनांच्या रिकाम्या विमानाला त्याने भागलं तर जेमतेम 15 ग्रॅम उरतात. माझं आतून बरंचसं पोकळ असूनही 24 ग्रॅम भरलं. आपलं मिग प्रमाणापेक्षा जाडं आहे, हे भाच्याला सांगितल्यावर तो रुसला.

घासणं आणि चंदेरी रंग हे नेहमीचंच. नाकापाशी पुढे निघालेला वेगमापक नळीचा लांब काटा मात्र छापलाच नाही. त्या जाडीचा काटा थरांच्या सांध्यावर हात लागताच मोडतो. केरसुणीतला माडाचा एक हीर काढला, टोक तासलं, भोकात बसवला.

एक विमान भाच्याने मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवलं होतं. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद गाडीत तेवढं तापायला दुपार पुरते. संध्याकाळपर्यंत दोन्ही पंख कावळ्यासारखे खाली लोंबत होते. हीर तेवढा ताठ होता.