केनिया-युगांडात व्हॉलंटियर आहात आणि दिवाळीला घरी यायचंय? तिकिटाआधी हे वाचा

नमस्कार मंडळी. गणपती बसले की आम्हाला नैरोबी, कंपाला, जुबावरून मेसेज सुरू होतात, दादा दिवाळीला मुंबईचं स्वस्त तिकीट बघा ना. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर 2026 ला आहे. तिकीट बघतोच हो, पण त्याआधी आमचे दोन प्रश्न ठरलेले, यलो कार्ड कुठंय आणि तिकडे राहायचं परमिट कधीपर्यंत आहे.

यलो कार्ड म्हणजे यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट. केनिया, युगांडा, इथिओपिया, साउथ सुदानमधून येताय तर ते मुंबईला उतरल्यावर दाखवावं लागतं, भारतीय पासपोर्ट असला म्हणून सुटका नाही, नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाईन. आमची एक कस्टमर किसुमूजवळ शाळेत शिकवायची, तिचं कार्ड रूमवरच्या कपाटात राहिलं, मोबाईलमधला फोटो काही चालला नाही, आईबाबा बाहेर गाडी घेऊन उभे आणि ही आत. वसुबारसेला उतरलेली मुलगी भाऊबीजेला घरी पोचली! त्यामुळे कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, नाव पासपोर्टसारखंच आहे ना ते बघा. जुन्या कार्डवर 10 वर्षं लिहिलं असेल तर घाबरू नका, जुलै 2016 पासून ते जन्मभर चालतं. नवीन लस घेणार असाल तर मात्र 10 दिवसांनंतरच लागू होते, निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

आता परमिट. घरी यायला कोण अडवतंय, अडकतात ते परत जाताना. व्हिसा सिंगल एंट्री असेल तर देशाबाहेर पडलात की तो संपला, आणि रिन्यूअलसाठी पासपोर्ट तिकडच्या ऑफिसात असेल तर मग तिकीट काढून काय करणार? तुमच्या संस्थेच्या कोऑर्डिनेटरला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी "हाकुना शिदा" (स्वाहिलीत "काही प्रॉब्लेम नाही") आम्ही धरत नाही.

तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस असतो, गावाकडचे कच्चे रस्ते बसतात, म्हणून फ्लाइटच्या आदल्या दिवशीच नैरोबी गाठा. पुढे मुंबई डायरेक्ट सहा तासांच्या आसपास, घड्याळ अडीच तास पुढे करायचं. दोन्हीकडचा प्रवास धरून रजेतले तीन दिवस असेच जातात, आठवड्यासाठी येऊ नका असं आमचं स्पष्ट मत, नुसती दमणूक होते.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावर बंद करू नका. डॉक्सी (डॉक्सीसायक्लीन) तर तिकडून निघाल्यानंतर 4 आठवडे घ्यायची असते. इकडे ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून झोपून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आफ्रिकेतून आलोय हे आधी सांगा, महिना उलटून गेला असला तरी.

परतीच्या बॅगेचं आईला सांगून ठेवा. केनियात 2017 पासून प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा चकली-चिवडा डब्यात किंवा कापडी पिशवीत. लोणचं चेक-इनमध्ये, पॉवरबँक हातात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत, तेलामुळे पेट घेतात म्हणून काढायला लावतात, मग एअरपोर्टवर बॅग उघडून बसावं लागतं.

मेसेज करताना पासपोर्टचं पहिलं पान, परमिट आणि यलो कार्ड, तिन्हीचे फोटो एकदमच पाठवा, भाव त्यानंतर सांगतो.